ठेवणीतली बॅटरी

आमच्या घरात लाईट गेली की कुणी जागचं हलत नाही. आधी इन्व्हर्टर लागतो. तो दमला की छतावरचं सोलर, तेही बसलं तर चार्जिंगचे दोन दिवे, आणि सगळ्यात शेवटी खुंटीवरचा कंदील, ज्यात घालायला रॉकेल कुठून आणायचं हे आता गावात कुणालाच सांगता येणार नाही. ही सगळी व्यवस्था आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तलवाड्याच्या अलीकडे आमची शेती आहे, आणि तारेतून येणाऱ्या विजेवर आबांचा जन्मात विश्वास बसलेला नाही.

अशा माणसाची मुलगी बिनइंजिनाचं विमान उडवते. पुण्यात मी नोकरी करते आणि सुट्टीला ग्लायडर उडवते, आता नव्या लोकांना शिकवतेसुद्धा. हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा मी सगळं समजावून दिलं. जमिनीवर एक मोठं इंजिन तार गुंडाळत जातं आणि ग्लायडरला वर ओढतं. वर पोचलं की तार सोडून द्यायची. मग उन्हाने तापून वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्यात घारीसारखं फिरत राहायचं. मायने विचारलं, "आन् हवा सरली तर?" तिच्या या प्रश्नाचं उत्तर मी आजतागायत देतेच आहे.

आबांनी वेगळंच विचारलं. "आत ते लाईटचं काय काय लुकलुकतंय फोटूत, ते कशावर चालतं?"

"बॅटरीवर."

"किती हाईत?"

"एक."

त्यांचा चेहरा पडला. मी सांगितलं की उडायला वीज लागतच नाही. वेगाचा आणि उंचीचा काटा नुसत्या हवेच्या दाबावर फिरतो. काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो, तो सरळ उडतोय की तिरका यावरून विमान घसरतंय का ते समजतं. बॅटरी लागते ती रेडिओला आणि व्हेरिओला. व्हेरिओ म्हणजे आपण वर चाललोय की खाली, ते टूं टूं करून सांगणारं यंत्र. तो बंद पडला तरी काट्याचा दुसरा असतोच. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दसऱ्याच्या आधी बीडला जाऊन दोन बॅटऱ्या आणल्या. एक मला दिली. दुसरी, आमचा क्लब कधी इकडे शिबिराला आला तर असावी, म्हणून घरी ठेवली.

त्याच वर्षी मी घरात सांगितलं होतं की मी लग्न करणार नाही. मायने आकाशपाताळ एक केलं, आणि अजूनही फोनवर ती दर आठवड्याला तो विषय काढतेच. आबा मात्र एक शब्द बोलले नाहीत. बरं नाही म्हणाले, वाईट नाही म्हणाले. विषय निघाला की ते गोठ्याकडे जायचे. माझं डोकं लवकर तापतं, भांडायला मला आवडतं, पण गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मला त्यांच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. म्हणून मी मनाशी ठरवलं की आबांना एकदा ग्लायडरमध्ये बसवायचं. तिथून उठून गोठ्याकडे जाता येत नाही.

शिबिर ठरलं आणि मोडलं. निवडणूक लागली, आभाळात पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली आणि आम्हाला परवानगी मिळेना. पुढच्या हिवाळ्यात एकदाची मिळाली. गावाबाहेरच्या ज्या माळावर सभेची हेलिकॉप्टरं उतरतात, तोच माळ आम्हाला मिळाला, त्यामुळे पहिल्या दिवशी बायका हार घेऊन आल्या होत्या. ग्लायडरमधून पुढारी उतरायच्या ऐवजी मी उतरले. हार गेले परत.

आबा बसायला कबूल झाले, पण अटीवर. "दोन बॅटऱ्या असतील तरच." शिबिराची बॅटरी आम्ही शेतातल्या मोटारीच्या लाईटवर भरत होतो आणि लाईट सारखी जात होती, त्यामुळे ती धड भरलेली नव्हती. आबांनी मला दिलेली पुण्याच्या ग्लायडरमध्ये होती, त्यामुळे दुसरी मलाही हवीच होती. आबांनी कपाटातून त्यांची बॅटरी काढली. नव्या कोऱ्या खणात गुंडाळलेली, वर हळदीकुंकवाची बोटं. खंडेनवमीला विळे-कोयत्यांच्या ओळीत तिचीही पूजा झाली होती, आणि मग ती कपाटात गेली ती गेलीच. मी फोनवर किती वेळा सांगितलं होतं की महिन्या-दोन महिन्यांनी चार्जिंगला लावा. "हां, हां" म्हणायचे. "बघ, नवी हाय. हातबी लावला न्हाई," आता ते कौतुकाने म्हणाले. मला वाटलं, ती आतून बसलीच असणार. पण मीटर लावला तर आकडा चक्क बरोबर होता. म्हटलं, असेल चांगली.

आबा पुढे बसले, मी मागे. दोन माणसांच्या ग्लायडरमध्ये अशीच बैठक असते, म्हणजे मला दिसत होती फक्त त्यांची टोपी आणि कान. तार ओढली गेली, माळ खाली पडला, मी तार सोडली. आबांनी दोन्ही हातांनी पट्टे धरले होते. माळाच्या टोकाला घारी फिरत होत्या, त्यांच्यात आम्ही शिरलो. व्हेरिओ आनंदाने बोलू लागला.

थोड्या वेळाने आबांची मूठ सुटली. "ती कुलपं लावलेली घरं बघ," ते म्हणाले. ऊसतोडीला गेलेल्यांच्या गल्ल्या वरून लगेच ओळखू येत होत्या, कारण अंगणांत वाळवण नव्हतं. नारायणगडाकडच्या टेकड्या धुरकट दिसत होत्या. आणि मग व्हेरिओचा आवाज घोगरा झाला, रेडिओचा दिवा मिणमिणला आणि दोन्ही गप्प झाले.

मी दुसऱ्या बॅटरीचा खटका दाबला. दिवा लागला, रेडिओ खरखरला आणि विझला. भार पडताच ती बसली होती. वर्षभर पत्र्याखालच्या उन्हाळ्यात न वापरता ठेवलेली बॅटरी, दुसरं काय होणार? आमच्या घरात चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप पाहुण्यांसाठी आणि चांगली बॅटरी अडचणीसाठी.

"लाईट गेली व्हय गं?" आबांनी विचारलं.

"हां."

"दुसरी?"

"तीबी गेली."

"नवी होती की. हातबी लावला न्हाई मी."

"म्हणूनच गेली, आबा," मी तडकून म्हणाले. मग मलाच वाईट वाटलं. "भिऊ नका. काटे चालू हाईत सगळे. उडायला लाईट लागत न्हाई."

"ठाऊक हाय. सांगितलंस की तू. भितंय कोण?"

"मग एवढं बॅटरी बॅटरी कावून करत होते तुमी?"

आता फक्त काचेवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज होता. ग्लायडरमध्ये बोलायला ओरडावं लागत नाही. आबाही हळूच बोलले.

"रेडिओसाठी. तो बंद पडला तर तू वर एकटी. बोलायला कुणी न्हाई." मग टोपी किंचित खाली झाली. "पुण्यातबी एकटीच राहतीस."

एवढ्या दिवसांत या विषयावर त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी त्याच्यासाठी किती उत्तरं तयार करून ठेवली होती, चांगली धारदार. मला वाटायचं ते माझ्यावर रुसलेत. ते तर बॅटऱ्या आणत होते. माझे डोळे भरून आले, आणि ग्लायडर वळवताना ते फार अडचणीचं होतं.

"एकटी हाय," मी म्हणाले. "पण आबा, मी बरी हाय."

"खरं?"

"खरं."

"जेवतीस वेळेवर?"

"जेवते."

त्यांनी खोल श्वास घेतला, तो मला मागे ऐकू आला. "बरं," ते म्हणाले. "मग फिरव अजून एक." मी अजून एक वळण घेतलं, मग आणखी एक. घारी निघून गेल्या तरी आम्ही फिरत होतो, आणि उंची अगदीच कमी झाली तेव्हा मी माळाकडे वळले.

उतरलो तेव्हा माय तांब्या घेऊन उभी होती. तिचा जीव टांगणीला लागलेला चेहऱ्यावर दिसत होता, पण विचारलं तिने रागानेच. "काय बघितलं म्हणायचं एवढं वर जाऊन?"

आबांनी पट्टे सोडले, माझ्या खांद्याला धरून बाहेर आले, टोपी नीट केली.

"पोरगी बरी हाय," त्यांनी तिला सांगितलं.