हळद लागलेला गोलकीपर

आख्ख्या नॅशनल कपात मी एकही गोल खाल्ला नाही! समोर नावाजलेल्या टीमा, आणि माझ्या नावावर शून्य गोल. आता मी मैदानाबाहेर पाण्याच्या बाटल्या आणि पोरांच्या चपला सांभाळत होतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या श्रीरामपूरच्या टीमचे किस्से म्हणजे कारखान्याच्या गेटवरच्या उसाच्या ट्रॉल्या. एक रिकामी होईस्तोवर मागे चार उभ्या! त्यातले कपाच्या सीझनचे तेवढे सांगतो. सातवीत दोनदा बसलेला माणूस आहे मी, जास्त अपेक्षा ठेवू नका.

*

हा कप देशभराचा. नियम एकच, हरला की घरी! चर्चच्या मागच्या मैदानावर खेळणारी आमची पोरं त्यात पहिल्यांदाच घुसली. कोच थॉमस सर, रिटायर्ड पीटी मास्तर. शिट्टी गळ्यात घालूनच झोपतात, असं त्यांची बायको सांगते.

गोलकीपर संत्या, शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याचं पोरगं. त्याचं कोपरगावच्या चैतालीशी जमलं. तारीख पक्की करायच्या आधी तो सरांकडे गेला.

"सर, तिसऱ्या राऊंडच्याच दिवशी मुहूर्त निघतोय. संध्याकाळचा. काय करू?"

सर म्हणाले, "खुशाल धर! तोपर्यंत आपण कशाला राहतोय स्पर्धेत?"

झालं! मांडव ठरला, आचारी ठरला, बँडवाला ठरला. आमच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. कोचचासुद्धा!

*

पहिली मॅच पुण्यात. समोरची टीम एसी बसमधून उतरली, आम्ही पशुखाद्याच्या टेम्पोतून. जर्सीला सरकी पेंडीचा वास! त्यांचा कोच लॅपटॉपवर आमची माहिती शोधत बसलेला. आमची माहिती आमच्याकडे नाही, लॅपटॉपात कुठून येणार? मी शेजारी टेकलो आणि तंबाखू मळत म्हणालो, "सात नंबरवर नजर ठेवा साहेब. लई डेंजर पोरगं हाय."

सात नंबर म्हणजे आमचा दिल्या. टेम्पो त्याच्या काकाचा, म्हणून टीममध्ये!

आख्खी मॅच त्यांचे तिघं दिल्याला चिकटून. दिल्या घाबरून कोपऱ्यात पळाला, तिघंही कोपऱ्यात. दिल्या पाणी प्यायला आला, तिघंही पाणी प्यायला! मधलं मैदान मोकळं. एक-शून्यने जिंकलो की राव!

संत्या नाचता नाचता मधेच थांबला. "तात्या, दुसरीबी जिंकलो तर?"

"काळजी नको करू," मी म्हणालो. "दिल्या काय रोज एवढा चांगला खेळतोय व्हय?"

*

दुसरी मॅच आमच्याच मैदानावर. संत्याचे होणारे सासरे नाना जीप भरून माणसं घेऊन आले. वाटलं, जावयाला जोर द्यायला आले. आम्ही खुर्ची टाकली, चहा दिला. मॅच सुरू झाली आणि नाना समोरच्या टीमच्या बाजूने ओरडायला लागले!

"मारा रे! लांबनं काय बगताय, आत घुसून मारा!"

थॉमस सर लालेलाल. "पाहुणे, गोलात तुमचा जावई उभा आहे!"

"म्हणून तर! हारला तर मांडवात येईल त्यो. पत्रिका वाटून झाल्यात माझ्या!"

संत्याने एकूण एक बॉल अडवला. एकदा तर पोलला डोकं आपटलं तरी बॉल सोडला नाही. शेवटी शेवटी आमच्या एकाचा गोल लागला आणि आम्ही परत जिंकलो. नानांनी कपाळावर हात मारला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पण लई भारी अडवतंय हो पोरगं!"

*

तिसरी मॅच नगरला, सकाळी. कागदावर अहिल्यानगर झालं तरी आमच्या टेम्पोला अजून नगरच कळतं. संत्याला आदल्या दिवशी हळद लागलेली. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाला वेशीबाहेर मोकळं सोडत नाहीत. हातात लिंबू टोचलेली कट्यार पाहिजे, नाहीतर बाधा होते म्हणतात. संत्याची आई टेम्पोच्या आडवी उभी राहिली.

"कट्यार हातातनं सुटली न्हाई पायजे!"

"आये, मग बॉल कशानं धरू?"

"ते तुज्या सरांना इचार!"

कट्यार बघून रेफ्री दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "हे हत्यार आहे."

थॉमस सर म्हणाले, "लिंबू लावलंय की त्याला!"

शेवटी तोड मी काढली. कट्यार मी धरायची आणि गोलच्या मागे, नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं. आईला फोन लावला. ती म्हणाली, चालंल. रेफ्रीने डोकं खाजवत शिट्टी फुंकली. त्याच्या नोकरीत हा प्रसंग पहिलाच असावा.

थोड्या वेळाने त्यांचा स्ट्रायकर बॉल घेऊन एकटाच सुटला. त्याने मान वर केली. समोर पिवळाधमक गोलकीपर, आणि त्याच्या डोक्यामागे कट्यार उगारलेला म्हातारा! बॉल थेट पार्किंगमध्ये गेला. मी नुसता घाम पुसायला हात वर केला होता, आईशप्पथ!

रेफ्रीने मला यलो कार्ड दाखवलं. जन्मात फुटबॉलला पाय न लावता कार्ड मिळवलेला दुसरा माणूस दाखवा!

*

मॅच बरोबरीत सुटली. एक्स्ट्रा टाइममध्येही कोंडी फुटेना. मग पेनल्टी! तिकडे कोपरगावात सगळा मांडव मोबाईलवर. नवरी मेकअपला मान वर करीना, म्हणून ब्युटीपार्लरवाली रडकुंडीला आलेली.

त्यांची शेवटची पेनल्टी. अडवली तर आम्ही अजून जिवंत, गेली तर घरी. संत्या एकीकडे उडाला, बॉल दुसरीकडून आरामात आत गेला. पोरगं गवतात तोंड खुपसून तसंच पडून राहिलं. थॉमस सरांनी त्याला उठवलं आणि पाठीवर हात ठेवला.

तसाच त्याला टेम्पोत घातला आणि कोपरगाव गाठलं. त्या रस्त्याबद्दल बोलत नाही, नुसतं बोललं तरी माझी कंबर धरते.

मांडवात वेगळीच हवा! नाना पेढे वाटत होते. बायकाबायकांत कुजबुज, "मुद्दाम सोडला गं त्यानं! बायकोसाठी! असा नवरा मिळाया नशीब लागतं."

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट बाजूला झाला, चैतालीने हार उचलला. आता एवढी गर्दी समोर असताना माझी जीभ गप्प बसते होय? मी मागून ओरडलो, "सूनबाई, हार जरा प्रेमानं घाल! तुज्यासाठी नॅशनल कप सोडलाय गड्यानं!"

मांडवात हशा पिकला. नाना सगळ्यात मोठ्याने हसले. संत्या तेवढा हसला नाही.

चैतालीचा हात वरच्या वर थांबला. बँडवाल्याने तोंडाजवळ नेलेली पिपाणी खाली घेतली.

"तात्या, तुमी जरा गप ऱ्हावा," ती म्हणाली, आणि संत्याकडे वळली. "आवं, खरंच मुद्दाम सोडला का? सोडला आसंल तर आत्ताच सांगा. हार आजून माज्याच हातात हाय."