लिफ्टवाल्याची हत्तीण

लिफ्टवाल्याला वजनाचं वेड होतं असं म्हटलं, तर त्याच्या ओळखीचे लोक हसतील, कारण वेड हा शब्द त्याला कमीच पडतो. उभं आयुष्य उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. दोर तपासायचे, ब्रेक घट्ट करायचे. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी माळ्याकडे बघून विचारणार, "ही फळी धरेल ना एवढं?" अशा माणसाने दर रविवारी दुपारी जादूगार आणि राक्षसांचा खेळ मांडून बसावं, हे त्याच्या बायकोला काही केल्या पटत नसे.

खेळ तसा साधा. जेवणाच्या टेबलाभोवती चार डोकी. लिफ्टवाला सूत्रधार, म्हणजे गोष्ट तो सांगणार. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि संकट आलं की आपण काय करणार ते सांगून फासे टाकायचे. गणिताचे मास्तर जादूगार झाले होते. बेकरीवाला तलवारबहाद्दर, एरवी झुरळ दिसलं तरी हा खुर्चीवर चढायचा. मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, चोर होती आणि ते काम मन लावून करायची. बायको आतल्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसे. कान मात्र सगळे बाहेर.

एका रविवारी लिफ्टवाल्याने मोठ्या थाटात युद्धाचे हत्ती आणले. पन्नास हत्ती, अंगावर लोखंडी चिलखतं, वाळवंटातून चाल करून येताहेत. आतलं मशीन थांबलं.

"वाळवंटात ह्यांना खायला कोण घालतं?"

सूत्रधार गडबडला. बायको दारात येऊन उभी राहिली. "हत्ती दिवसभर खात असतो. आणि पाणी? आणि एवढं लोखंड घालून उन्हातून चालवता? मरतील की बिचारे!"

मास्तर खो खो हसले. पण वजनाची गोष्ट निघाली होती, लिफ्टवाल्याला आता चैन कसली पडतेय! आठवडाभर त्याने हत्तींबद्दल मिळेल ते वाचून काढलं. पुढच्या रविवारी चिलखतं गेली, पन्नासाचे पाच उरले, आणि बायको मशीन बंद करून टेबलाशी येऊन बसली. तिला राणी नको होती, चेटकीण नको होती. "मी हत्तीण होते," ती म्हणाली. "ह्यांच्यातली थोरली."

तेव्हापासून खेळाचे बारा वाजले असं मास्तर म्हणत, आणि एकही रविवार चुकवत नसत. राक्षसाचा किल्ला राहिला बाजूला, सगळी फौज चारा शोधत हिंडू लागली. बेकरीवाल्याने हत्तिणीला दोरीच्या पुलावरून न्यायचं ठरवलं, तर सूत्रधाराने पूल मोडला आणि वर त्याची तलवारही नदीत घालवली. ही हत्तीण उडी मारत नसे. आग दिसली की पळत सुटे. रागावली की आधी कान पसरून उभी राही. बायको दोन्ही हात कानांशी पसरायची तेव्हा लिफ्टवाला तिच्याकडे असा बघत बसे की मेव्हणीला फासे आपटून त्याला भानावर आणावं लागे.

त्या टेबलाचा एक रिवाज होता. जो आला नाही, त्याचं पात्र तळावर झोपलंय असं धरायचं. मोठी ऑर्डर असली की बेकरीवाला महिनाभर झोपून राही. बायको आजारी पडून हॉस्पिटलात गेली, तेव्हा हत्तीण झोपली. "झोपू द्या तिला," बायको खाटेवरून म्हणाली, "चालून चालून थकलीय बिचारी."

बायको घरी परत आली नाही.

काही आठवड्यांनी मास्तरांनीच भीत भीत विषय काढला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. बसल्या बसल्या लिफ्टवाला म्हणाला, "हत्तीण झोपलीय." कुणाची टाप होती काही बोलायची! पुढच्या रविवारीही ती झोपली, त्याच्या पुढच्याही. तिला सोडून लांब जायचं कसं, म्हणून सगळी साहसं तळाच्या हाकेच्या अंतरावर घडू लागली. दरोडेखोर तिथेच येत, राक्षसही पत्ता विचारत तिथेच येई. उन्हाळा गेला, थंडी आली. बायको गेली, हे शब्द लिफ्टवाल्याने अजून कुणाजवळ उच्चारले नव्हते. निदान त्या टेबलावर तरी ती जिवंत राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी मेव्हणीचा धीर सुटला. फासे मुठीत धरून ती नुसतीच बसून राहिली.

"भाऊजी, हत्ती किती वेळ आडवा पडून राहू शकतो?"

"टाक फासे."

"सांगा ना. पूल मोडलात तेव्हा बरं सगळं सांगत होतात!"

उत्तर लिफ्टवाल्याला तोंडपाठ होतं, बायकोला त्यानेच वाचून दाखवलं होतं. एवढं वजन फार वेळ आडवं राहिलं की स्वतःच्याच भाराने छाती दबते. हत्ती मग उठत नाही.

"खेळ आहे हा," तो खेकसला. "खेळात चालतं."

"हे तुम्ही म्हणताय? ताईने ऐकलं असतं तर फाडून खाल्लं असतं तुम्हाला." मेव्हणीचा आवाज चिरकला. "मला नाही बघवत ती अशी पडलेली. हॉस्पिटलातही अशीच पडून होती. सोडा तिला आता."

बेकरीवाला खिशात रुमाल शोधू लागला. मास्तरांनी घसा खाकरला. "माझ्याकडे मंत्र आहे एक," ते म्हणाले. "मेलेल्याला उठवायचा. अजून वापरलेला नाही." भला माणूस. त्यांना फक्त वाट काढून द्यायची होती.

लिफ्टवाला त्यांच्याकडे बघत राहिला. सूत्रधार तो होता. त्याने नुसती मान डोलावली असती, तर हत्तीण धूळ झटकून उभी राहिली असती. त्याला ते हवं होतं, जीव तुटेपर्यंत हवं होतं.

"किती वजन उचलतो तो मंत्र?"

"वजनाचं काही सांगितलेलं नाही त्यात."

"मग नाही चालणार," तो म्हणाला. "तिला नाही चालायचं."

आणि त्याने गोष्ट सांगायला घेतली. नेहमीचा भारदस्त आवाज लावला, पण तो टिकला नाही. दुपारी हत्तिणीचा श्वास जड झाला. बाकीचे हत्ती तिच्याभोवती येऊन उभे राहिले, सोंडेने तिला चाचपू लागले, पायाने हळूच ढकलून उठवू लागले. ती उठली नाही.

"हत्तीण मेली," तो म्हणाला. "तिच्या उशाशी एक माणूस बसला होता. शेवटपर्यंत. तिची सोंड त्याच्या मांडीवर होती."

मेव्हणी रडत रडत मान डोलवत होती. असंच हवं होतं तिलाही.

"नाही," लिफ्टवाला म्हणाला. "खोटं आहे ते. कुणी नव्हतं तिथे. तो जेवायला घरी गेला होता."

मेव्हणीने मुठीतले फासे टेबलावर ठेवले.

"मीच पाठवलं होतं तुम्हाला, भाऊजी," मेव्हणी म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नव्हतं तुमच्या. मीसुद्धा खाली औषधं आणायलाच गेले होते."

"हो," तो म्हणाला. "पण मी गेलो ना."