गुलकंदचा मिस्ड कॉल

रात्री कात्रपच्या आमच्या घरी हॉलमध्ये ह्यांना शेवटचं ठेवलं होतं, नातेवाईक यायची वाट बघत होतो, आणि ह्यांचा फोन वाजायला लागला. एकदा वाजून बंद. लगेच दुसरा, मग तिसरा. स्क्रीनवर नावं कसली, तर बालुशाही, रेवडी, गुलकंद! मुलगा म्हणाला, "आई, बंद करू का हा?" म्हटलं, "वाजू दे. इतकी वर्षं वाजलाय, आज काय नवीन..." आणि मला रडू फुटलं. रागानेच फुटलं, खोटं कशाला सांगू.

हे उल्हासनगरात डॉक्टर. एचआयव्हीचे पेशंट बघायचे, आणि त्यातही ज्यांना दुसरीकडे बाकावर बसू देत नाहीत असे. तृतीयपंथी, धंदा करणाऱ्या बायका, ट्रकवरची माणसं. औषध सरकारी केंद्रातून फुकट मिळतं, पण ते जन्मभर, रोज घ्यायचं, आणि तिथेच माणसं ढेपाळतात. म्हणून ह्यांची पद्धत ठरलेली. रात्री गोळी घेतली की ह्यांना मिस्ड कॉल द्यायचा. हे उचलणार नाहीत, बोलणार नाहीत, बाकीच्यांना लाईन मोकळी हवी. एखादीचा आला नाही, तर सकाळी दवाखाना उघडायच्या आधी हे तिच्या दारात! फोन कुणाच्या हाती पडला तरी कळू नये म्हणून मिठाईची नावं. मला काय म्हणून सेव्ह केलं होतं, विचारा... 'घर'. नुसतं 'घर'!

मी हौसेने भरलं वांगं करावं आणि ह्यांनी घास हातात धरून फोनकडे बघत बसावं. "अहो, गार होतंय." "हो गं, रेवडीचा राहिलाय." रेवडीचा आला की चेहरा असा खुलायचा... मी नवीन साडी नेसून समोर उभी राहिले तरी खुलायचा नाही.

गुलकंद म्हणजे चंदा. नाव बदललंय. तृतीयपंथी, उल्हासनगरच्याच कॅम्प चारमध्ये राहणारी. एकदा ह्यांचा विसरलेला चष्मा द्यायला मी दवाखान्यात गेले, तेव्हा ती समोर बसली होती. कुठल्याशा नर्सिंग होमने तिला बाहेर पायरीवर बसवून लांबूनच तपासलं होतं. हे तिची नाडी बघत होते. नाडी बघून झाली, तरी हात सोडला नाही. खोकल्याचं विचारलं, गुरूशी झालेल्या भांडणाचं विचारलं, हात आपला हातातच. नाडीला एवढा वेळ लागतो? डॉक्टरच्या बायकोला शिकवता का? ह्यांनी माझा हात शेवटचा कधी धरला, ते मी परतीच्या वाटेवर आठवत होते. घर आलं तरी आठवेना.

हे गेल्यावर मुलगा पुण्याला परतला. फोन मी चार्ज करत राहिले, मिस्ड कॉल येत राहिले. सगळ्यांना माहीत होतं हे नाहीत म्हणून, तरी देत होते. मग गुलकंदचा बंद झाला. म्हटलं, माझं काय जातंय? पण ताटावर बसले की घास उतरेना. शेवटी एका सकाळी मी रिक्षा केली आणि शोधत शोधत तिच्या खोलीवर गेले.

चंदा गोधडीत पडलेली, केसांना तेल नाही. "वहिनी, आप?"

"गोळी का घेत नाहीस?"

"घेऊन सांगू कोणाला? साहेबच नाय राहिले."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ह्यांच्या तेराव्यालासुद्धा ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेतली होती मी. आणि ही बया गोळ्या टाकून पडलीय! माझ्यापेक्षा जास्त दुःख करायचा हिला हक्क कुणी दिला? म्हटलंच तोंडावर. "नवरा माझा मेलाय! मी गोळ्या घेतेय आणि तू सोडतेस? तू कोण लागतेस गं त्यांची?"

ती उठून बसली. "वही तो, वहिनी. तुमच्याकडे लोक भेटायला आले. माझ्याकडे कोण येणार? साहेबांची मी कोण, काय सांगू?"

तिला उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि केंद्रात घेऊन गेले. बाकावर तिला चिकटून बसले. लोक बघत होते, बघेनात का. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या. निघताना तिला बजावलं, "आता मिस्ड कॉल नाही चालणार. मी उचलणार. बोलायचं."

त्या रात्री ताट वाढून घेतलं आणि फोन वाजला. गुलकंद. उचलला.

"घेतली, वहिनी."

"बरं." मी ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही जेवलात?"

भरलं ताट मी पुढ्यात ओढलं. मग म्हटलं, "बसतेच आहे. तू?" मग भाजी कसली, मीठ कमी का, असं बराच वेळ चाललं. मध्येच वेटिंगवर रेवडी वाजत होती, वाजू दिली.

ह्यांनी तिचा फोन कधी उचलला नव्हता, नियमच तसा. जेवायच्या वेळी तिचं हे विचारणं ह्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. ते माझ्या एकटीचं आहे. त्यात मी कुणाला वाटेकरी घेणार नाही... ह्यांनासुद्धा नाही.