ताईची गुंडाळी

मिस्त्रीने आयुष्यभर लोकांची यंत्रं दुरुस्त केली आणि साठी उलटल्यावर त्याला यंत्रांचा मनापासून वीट आला. गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर थांबायचं नाव घेत नव्हता. आता नवं काम घ्यायचं नाही, असं तो रोज शटर उघडताना ठरवायचा आणि दुपारी कुणाच्या तरी मोटारीत डोकं घालून बसलेला असायचा.

अशातच गिटारवाला टेम्पोतून एक गंजकं धूड घेऊन आला. हा माणूस स्वतः गिटार बनवून विकायचा.

"बंद कारखान्याच्या शेडमधून उचललंय," तो म्हणाला. "पिकअप गुंडाळायचं मशीन. तेवढं चालू करून द्या. नव्या मशीनवर तसा आवाज निघत नाही हो."

पिकअप म्हणजे काय, हे मिस्त्रीला सांगायची गरज नव्हती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ती चपटी पट्टी असते ना, तिच्या पोटात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असतात. वरच्या तारांची थरथर ते पकडतात, तेव्हा कुठे स्पीकरमधून गिटार बोलते. ते फेरे घालण्यात त्याच्या थोरल्या बहिणीची उमेदीची वर्षं गेली होती, त्याच कारखान्यात, अशाच मशीनपुढे. तिच्या पगारावर तो शिकला, घर चाललं. तिच्या लग्नाचं बघू, बघू म्हणता राहूनच गेलं.

आता दोघं भावंडं वर्कशॉपवरच्या दोन खोल्यांत राहत. तो वर गेला तेव्हा ताई भाजी निवडत होती.

"ताई, खाली चल. तुझी जुनी मैत्रीण आलीय."

"कुठली रे?"

"कारखान्यातली. जरा गंजलीय."

ताईच्या लक्षात आलं. देठ मोडता मोडता ती म्हणाली, "त्या बयेचं तोंड बघायचं नाही मला."

मिस्त्री एकटाच कामाला लागला. गंज खरवडला, बेअरिंग बदलली, कुजलेला पट्टा काढून नवा चढवला. जळक्या मोटारीने नाकी नऊ आणले, पण अखेर तीही फिरली. फिरली खरी, मात्र तार लावली की तुटायची. बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचं रीळ, अर्धी भरली की टक्‌! पुन्हा सगळं उलगडा. त्याने वेग कमी केला, तारेची वाट घासून गुळगुळीत केली. तरी टक्‌. अखेर त्याने हात टेकले.

"ताई, पाया पडतो तुझ्या. एकदा येऊन बस."

"मला जमायचं नाही."

"अगं, डोळे झाकून करायचीस तू! एवढा कसला राग धरतेस?"

ताई उठली. पदराला हात पुसून जिना उतरली, स्टुलावर बसली. पाठ आपोआप ताठ झाली. तिने तार चिमटीत धरली, मशीन सुरू झालं आणि टक्‌.

तिने पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"लागतच नाही रे तार हाताला," ताई चिमटीकडे बघत म्हणाली. "त्या तारेनेच बोटं बधिर केलीत, किती वर्षं झाली. चहाचा कप गरम आहे की गार, तेही ओठाला लावल्यावर कळतं."

मिस्त्रीने मशीन बंद केलं. एका घरात राहून त्याला याचा पत्ता नव्हता. तो रोज तिच्या हातून चहा घेत होता आणि कप तिच्या हातून निसटला की वर तिलाच म्हणत होता, लक्ष कुठे असतं तुझं!

"राहू दे ताई. परत पाठवतो हे."

"पाठवतोस कशाला? तू बस की इथे."

तो बसला. ती मागे उभी राहिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. "दाबू नकोस. ती जातेय ना, जाऊ दे. आता डावीकडे. अरे, दोरखंड आहे का तो? सैल सोड!" त्याची राकट बोटं घामेजली, मानेला रग लागली. कितीदा तार तुटली, कितीदा ताई करवादली. त्या आठवड्याअखेरीस एक बॉबिन काठोकाठ भरली. किंचित वेडीवाकडी, पण अखंड.

गिटारवाल्याने ती गिटारमध्ये बसवून आणली आणि वर्कशॉपमध्येच वाजवली. ताई दाराशी उभी राहून ऐकत होती. कारखान्यात तार गुंडाळणाऱ्या बायकांना कुणी कधी गिटार वाजवून दाखवली नव्हती. बॉबिन भरायची, खोक्यात टाकायची, दुसरी घ्यायची.

सूर विरला.

"एवढंच?" ताईने विचारलं.

गिटारवाल्याचा चेहरा पडला. "आवडलं नाही का?"

"छान आहे रे. पण मला वाटायचं…" ती थांबली. "जाऊ दे. परत वाजव. जरा सावकाश."

त्याने वाजवलं. या वेळी ती स्टुलावर बसली आणि त्याचे हात दुखेपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी मशीन टेम्पोत चढलं. मिस्त्री रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. शटर ओढायचंही त्राण नव्हतं.

"चल वर," ताई म्हणाली. "दमलास."

"तू नाही दमलीस?"

"मी? मी कधीचीच दमलेय रे," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तिने त्याचा दंड धरला आणि एकेका पायरीवर श्वास घेत दोघं जिना चढू लागली.