दादाच्या टाकीवरची लाईट

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. कुणालाच नाही. आज पहिल्यांदा तोंडातून काढतोय, आणि तेही तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

आष्ट्यात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बल्ब, वायरी, पंखे, मंडपाच्या माळा. मागेच घर. त्यात आम्ही, आणि पुढच्या खोलीत दादा-वहिनी. दादा माझा थोरला भाऊ. फौजेत होता. निवृत्त होऊन आला आणि थोड्याच दिवसांत अर्धांगवायूचा झटका बसला. उजवी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, पण डोकं शाबूत होतं. दिवसभर पलंगावर पडून, डाव्या हातात मोबाईल.

त्याची एक पोस्टिंग अंदमानात झाली होती. तिथं स्वच्छ पाण्याखाली त्यानं प्रवाळ बघितलं होतं. त्याच्या सगळ्या नोकरीतून तो तेवढंच सांगायचा. लढाईचं नाही, बर्फाचं नाही. पाण्याखाली हलणारी ती झाडं, जी झाडं नसतातच.

मग त्याला तसं प्रवाळ वाढवायला खाऱ्या पाण्याची काचेची टाकी हवी झाली. छोटीशी, पलंगाशेजारी ठेवण्याजोगी. आयुष्यात कधी काही न मागणारा माणूस — त्याला नाही कसं म्हणणार? वहिनीनं बादल्यांत मीठ कालवायला शिकून घेतलं. पुण्यातला एक हौशी माणूस स्वतःच्या टाकीत मऊ प्रवाळ वाढवायचा. त्याच्याकडून तुकडे आणायचं ठरलं.

राहिली लाईट. दादानं तिच्यावर पुष्कळ डोकं चालवलं. प्रवाळाच्या अंगातच बारीक शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न करतं आणि त्यावर प्रवाळ जगतं — हे मला त्यानंच समजावलं. साधा उजेड चालत नाही, निळा लागतो, आणि तो जोरकस लागतो. भारीतली लाईट त्यानं आपणहून बाजूला ठेवली. शोधून शोधून एक स्वस्तातली काढली. नाव नसलेली, पण लहान टाकीला पुरणारी.

एके दिवशी दादाला बघायला आलेल्या पाहुण्यांनी खोली भरली होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "लाईट माझ्याकडनं. दुकान कशाला हाय मग?"

दादाचे डोळे भरून आले. ते मला आवडलं — खोटं कशाला बोलू?

आणि मी ती मागवलीच नाही.

का? मी स्वतःला शंभरदा विचारलंय. परवडत नव्हती असं नाही. आज मागवू, उद्या मागवू करत राहिलो. मनात कुठंतरी असंही होतं, की पडून राहिलेल्या माणसाच्या हौसेपायी किती नाचायचं? तुकडे यायचा दिवस उजाडला. दुकानात गिऱ्हाइकानं परत केलेला एक एलईडी फोकस पडला होता. मंडपवाले लावतात तो निळा जिलेटिन कागद मी त्याच्या काचेला चिकटवला, वर पत्र्याचं काळं झाकण केलं आणि टाकीवर टांगला.

खोली निळी झाली. दादा हसला. झटक्यानंतर तसा कधी हसला नव्हता.

"हीच का रं ती? मी सांगितलेली?"

"व्हय दादा. तीच."

दोन दिवसांत खरी आणून बदलू, असं ठरवलं होतं. पण आता बदलायची म्हणजे तोंड उघडायचं. ते उघडलं नाही.

कागदानं निम्मा उजेड गिळला होता. ज्यानं आयुष्यभर दिवे विकले, त्याला हे कळत नसेल? पहिले काही दिवस प्रवाळ फुललेलं राहिलं. मग मिटायला लागलं. तपकिरी पडलं, आक्रसलं, पाण्यात त्याचे धागे सुटायला लागले. दादा दिवसभर त्याकडेच बघत पडून राहायचा. दुसरं बघायला त्याला होतं काय? पाणी तपासलं, मीठ बदललं, पंप बदलला. लाईटबद्दल त्याला एकदाही शंका आली नाही. लाईट भावानं आणली होती ना.

दोष कुणाला तरी लागणारच होता. तो वहिनीला लागला.

त्या खोलीत कोनाड्यात देव होते. वहिनी रोज उदबत्ती लावायची. धूर पाण्यात उतरतो, हे दादानं कुठंतरी वाचलं. तिनं उदबत्ती बंद केली. फरशीला फिनेल लावणं बंद केलं. टाकीत हात घालायच्या आधी साबणसुद्धा लावेना, नुसत्या पाण्यानं हात चोळत बसायची. तरी मरायचं ते मेलंच. शेवटचा तुकडा गळून पडला त्या दुपारी मी दारात उभा होतो. दादा तिला म्हणाला, "तूच मारलंस. माझं एवढं एकच हुतं, ते बी तुला बघवलं न्हाई."

वहिनी गळलेला तुकडा पाण्यातून काढायला लागली. तीन माणसं होती खोलीत, आणि खरं एकालाच ठाऊक होतं.

त्यानंतर दादा तिच्याशी लागेल तेवढंच बोलायचा. पाणी दे. कूस बदल. जी बाई त्याला भरवायची, धुवायची, तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. मी फोकस काढून नेला, कागद फाडला आणि गोठ्यासाठी दिवा शोधत आलेल्या एकाला तो विकून टाकला. इतकं सोपं होतं.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला. तसाच, अबोला धरून.

कार्य आटोपल्यावर वहिनी अंगणात रिकामी टाकी घासत होती, कुणाला तरी देऊन टाकायला. मी जवळ गेलो. दुसरं कुणीच नव्हतं. मान वर न करता ती म्हणाली, "भावजी, तुमी एवढी चांगली लाईट आणून दिली ओ. माझ्याच हातनं मेलं सगळं. ते मला माफ न करताच गेले."

मी सांगू शकत होतो. दादा नव्हता, भीती कुणाचीच नव्हती. अगदी तोंडाशी आलं होतं — आणि माहीत आहे, मी काय म्हणालो?

"जाऊ द्या वहिनी. मुद्दाम थोडंच केलं तुमी?"

ती रडली. म्हणाली, "तुमी तरी राग धरला न्हाई माझ्यावर."

मी तिला माफ केलं. कुणालाच ठाऊक नाही म्हणालो, ते हे. लाईटचं नाही, लाईटचं कदाचित कुणालाही सांगता आलं असतं. तिनं न केलेल्या गोष्टीची माफी मी तिला दिली, आणि तिनं ती पदर डोळ्यांना लावून घेतली.

तेव्हापासून ती मला जास्तच जपते. जेवताना तव्यावरची पहिली भाकरी ती माझ्याच ताटात वाढते. मी खातो.

आत्ता ती पलीकडं स्वयंपाकघरात आहे. भांडी लावल्याचा आवाज येतोय. मध्ये एक भिंत आहे फक्त. मी उठून जाणार नाही, एवढं मला माझं माहीत आहे.