नेकारवरचं बचाव विमान

आमच्या खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा महायुद्धातल्या बचाव विमानांची मॉडेल्स बनवतात. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणारी ती पाण्यावर उतरणारी विमानं! त्यांच्याबद्दल बोलताना आजोबांचे हात आपोआप पंखांसारखे पसरतात.

रविवारी नेकार नदीत माझी आणि सासूबाईंची पायडलबोट बंद पडून बंधाऱ्याकडे वाहू लागली. आजोबा काठावर रिमोटने त्यांचं एक मॉडेल विमानच उडवत होते. त्यांनी त्याच्या शेपटीला चिवट दोरी बांधून ते पाठवलं. विमान घरघरत, आमच्यावर पाणी उडवत पुढ्यात उतरलं. मी दोरी बोटीला बांधली आणि आजोबांनी आम्हाला ओढून घेतलं.

"आणखी कोणी अडकलंय?" त्यांनी आशेने विचारलं.

मी त्यांचा प्रश्न मराठीत सांगताच भिजलेल्या सासूबाई खो-खो हसल्या. "अगं, सांग त्यांना, हवं तर मी परत जाऊन बसते!"