गुरुजी गाडीखाली गेले

आमच्या पंचवटीतल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. सकाळी तिथं बसायचं, चहा प्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खेचायची, एवढंच आमचं काम. किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. लोक गाडी लावायला येतात आणि किस्सा आमच्याकडे सोडून वर जातात! पण दामोदर गुरुजींनी एका आठवड्यात जेवढे दिले, तेवढे बाकी बिल्डिंगनं मिळून दिले नसतील.

मी पोपटराव. सातवीत दोनदा बसलो, मग लासलगावचा कांदा टेम्पोत भरून देश हिंडलो. दुसऱ्या खुर्चीत सुभेदार. देवळाली कॅम्पातून रिटायर झाले, पण त्यांची ऑर्डर सोडायची सवय अजून ड्युटीवर आहे. तिसरी खुर्ची गुरुजींची. गोदाकाठी यजमानांच्या पूजा सांगतात, आवाज असा की भांड्यातलं पाणी हलावं.

गुरुजींची एक जुनी पांढरी गाडी. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही! लेक ऋचा डॉक्टर झाली, तिनं लायसन्स काढलं, तरी तिची जागा मागच्याच सीटवर. "क्लचवर पाय ठेवून चालवते ती, जाळून टाकेल," असं म्हणायचे.

आणि क्लच जळाला कोणाच्या पायाखाली? गुरुजींच्याच! पार्किंगच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय, जळका वास सुटलाय आणि गाडी जागची हलत नाही. मागच्या सीटवर ऋचा. मला तर हसू आवरेना!

*

आता हे सगळं नेमकं त्याच आठवड्यात का, ते ऐका. ऋचाला सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. गुरुजींना ते बिलकुल पसंत नव्हतं.

"नाशकात आजारी माणसं संपली का?"

"तिथं डॉक्टर संपलेत, बाबा."

तिथून बाप-लेकीचं बोलणं बंद. एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. सोडायला गुरुजी जाणार, स्वतःच्या गाडीनं.

गॅरेजवाला म्हणाला, आठ दिवस लागतील, नाहीतर भंगारात द्या. 'भंगार' हा शब्द गुरुजींना लागला. खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "क्लच मी बदलतो."

मी म्हटलं, "गुरुजी, क्लच हाय तो! जानवं नाय बदलायला!"

सुभेदारांचा चहा नाकातून आला. मला आणखी चेव चढला. "मला कळलं सगळं! पोरीला जाऊच द्यायचं नाय, म्हणून गाडी खोलून ठेवताय तुम्ही!"

यावर सुभेदार हसले. गुरुजी हसले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी पंचांग पाहून, जुनं धोतर खोचून गुरुजी गाडीखाली शिरले. मोबाइलवरचा हिंदी व्हिडिओ त्यांनी इतक्यांदा ऐकला होता, की त्यातल्या माणसाचा खोकलासुद्धा पाठ झाला होता.

तेवढ्यात एक यजमान आले, वास्तुशांतीचा मुहूर्त विचारायला. बाहेर फक्त गुरुजींचे दोन पाय दिसत होते. यजमान मोठे श्रद्धाळू! त्यांनी मला विचारलं, "हे गुरुजीच ना?"

"पायावरून ओळखा."

त्यांनी चप्पल काढली आणि फरशीवर वाकून त्या दोन पायांवर डोकं ठेवलं. अचानक पायाला काय लागलं म्हणून गुरुजी दचकले, धाडकन डोकं वर आपटलं, आणि गाडीखालून आवाज आला, "अगं आई गं! ... आयुष्मान भव!"

मुहूर्त मात्र तिथूनच दिला. यजमान पाया पडून, उलट्या पावलांनी गेटपर्यंत गेले.

*

आता माझी कमाल ऐका. म्हणजे मी कमाल करायला गेलो.

गाडी खोलताना निघालेले बोल्ट गुरुजी डब्यात टाकत नव्हते. त्यांनी पूजेचा मोठा चौरंग आणून ठेवला होता. त्यावर तांदळाच्या छोट्या छोट्या राशी. पूजेत प्रत्येक देवाला एक रास आणि तिच्यावर एक सुपारी असते ना, तसा इथं प्रत्येक राशीवर एक बोल्ट! गाडीत जो वर तो चौरंगावर वर, जो डावा तो डावीकडं. खोलताना एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचे, "स्टार्टरचा वरचा... स्टार्टरचा खालचा..." अगदी आवाहन केल्यासारखं!

माझ्या टेम्पोच्या सामानात तसाच एक बोल्ट होता. गुरुजी हात धुवायला गेले, तसा मी कोपऱ्यात एक रास केली आणि हळूच तो ठेवून दिला. सुभेदारांना डोळा मारला. जोडून झाल्यावर एक बोल्ट उरला, की गुरुजी सगळी गाडी पुन्हा खोलणार! मी मनातल्या मनात नाचत होतो.

गुरुजी आले. ओला हात पंच्याला पुसत चौरंगाकडं एकदा पाहिलं.

"पोपटराव, आवाहन केलं नाही त्या देवता आल्यात मांडणीत."

माझं तोंड उघडंच राहिलं! म्हटलं, फेकून देतील. कसलं काय! "आलेच आहेत तर बसू द्या," म्हणाले, आणि माझ्या बोल्टवर चार अक्षता टाकल्या.

मग तो बोल्ट तिथून उचलायची माझी हिंमत होईना. रविवारपर्यंत मी येता-जाता त्याला नमस्कार करत होतो!

*

क्लचची नवी प्लेट बसवायची वेळ आली. ती अगदी मधोमध बसली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकात जातच नाही. त्यासाठी एक खास हत्यार लागतं. ते आमच्याकडं कुठलं?

गुरुजींनी डोळे मिटले, उठले, वर गेले आणि काकूंचं, म्हणजे त्यांच्या मंडळींचं, लाटणं घेऊन आले! लाटण्याची मूठ, तिच्यावर चिकटपट्टीचे वेढे, आणि मूठ भोकात! घट्ट! प्लेट बरोबर मधोमध.

मी काय गप्प बसणार? खालूनच हाक मारली, "काकू! तुमच्या लाटण्याचं गाडीशी लग्न लागलं हो!"

काकू गॅलरीत आल्या. खालचं दृश्य पाहिलं. आम्हाला वाटलं, आता पेटणार!

त्या शांतपणे म्हणाल्या, "गाडी पोरीला पोचवणार असेल तर पोळपाट पण न्या."

त्या दिवशी गुरुजींच्या घरी खिचडी झाली. आमच्याही घरी. आमच्या हिनं लाटणं लपवून ठेवलं होतं!

*

गिअरबॉक्स परत चढवणं हे काम मात्र चेष्टेचं नव्हतं. सुभेदारांनी बॉनेट उघडून वर आडवा वासा टाकून दोर बांधला आणि ऑर्डर सोडली, "जोर लगा के!" मी आणि सुभेदार दोरावर, गुरुजी खाली. तो लोखंडाचा गोळा त्यांनी छातीवर घेतला होता. नुसता ढकलला तर जात नाही. तिरका जातो, अडकतो, परत काढावा लागतो. आमच्या हातांना दोर कापत होता, आणि गुरुजींचा श्वास तर खालून ऐकू येत होता.

एवढ्यात जिन्यावरून कोणीतरी उतरलं. ऋचा! ती ओढणी खोचून गाडीखाली शिरली. मला फक्त दोन जोड्या पाय दिसत होते, एक भेगाळलेली आणि एक स्पोर्ट्स शूजमधली.

"बाबा, अंगठाभर डावीकडं."

"घेतलं."

"आता थोडं फिरवा."

टक्!

बस्स, एवढाच आवाज झाला. टेम्पोच्या आयुष्यात मी लय क्लच बदलताना पाहिले, पण गॅरेजात कोणी इतका नीट बसवलेला पाहिला नाही. माझ्या तोंडून शिवी निघाली, कौतुकाची!

मग गुरुजींनी डोळे मिटून बोल्टांची नावं शेवटून पहिल्यापर्यंत घ्यायला सुरुवात केली. ऋचा चौरंगावरून एकेक उचलून देई. एकही नाव चुकलं नाही. सुभेदार उठून उभे राहिले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटचा बोल्ट हातात घेऊन गुरुजी बसून राहिले. बसूनच राहिले. माझ्या जिभेवर टोमणा तयार होता, 'बघा, पोरीला जाऊ द्यायचं नाय, मी म्हटलं नव्हतं?' पण तो काही केल्या बाहेर येईना.

"बाबा, लावू का?" ऋचानं विचारलं.

"नको," गुरुजी म्हणाले. "मीच आवळतो."

*

सोमवारी निघालो. मागं गादी, गॅस, तांदूळ आणि त्यांच्यात कोंबलेला मी. वणी सोडली, घाट लागला. सगळ्यात खड्या चढावर गुरुजींनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले.

"ऋचा, पुढं ये."

पोरगी पांढरी पडली. "इथं? चढावर?"

गुरुजींनी पिशवीतून एक लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलं. नवीन गाडीला ठेवतात तसंच. मग मागं गेले आणि मागच्या चाकाच्या पाठीशी, रबराला चिकटून, एक सुपारी ठेवली. मलाही खाली उतरवलं.

"लिंबू फुटलं पाहिजे. मागं सरकून सुपारीला धक्का लागता कामा नये."

ऋचानं एकदा बापाकडं पाहिलं. क्लच अर्धा सोडला, इंजिनाचा सूर खाली आला, गाडीनं नाक वर उचललं. हँडब्रेक सुटला. मी श्वास धरून सुपारीकडं बघत होतो. लिंबू पच्कन फुटलं! सुपारी जागच्या जागी.

आणि गाडी जी निघाली, ती थांबलीच नाही! वळण, मग दुसरं वळण, मग नुसता आवाज, मग तोही नाही.

"गुरुजी, पोरगी आपल्याला विसरली!"

"मीच सांगितलंय, थांबू नकोस म्हणून."

"अन् आपण?"

गुरुजी वाकले, सुपारी उचलली, पुसून कनवटीला लावली. मग खालून येणाऱ्या जीपला हात दाखवायच्या ऐवजी वरून उतरणाऱ्या, नाशिककडं जाणाऱ्या जीपला हात दाखवला.

जीपमध्ये आम्ही दोघं पुढं कसेबसे मावलो. ड्रायव्हर इकडचाच, कोवळा गडी. गुरुजींचं धोतर, शेंडी, गंध सगळं बघून झाल्यावर त्याची नजर त्यांच्या हातांवर गेली. नखांत काळं ग्रीस, बोटं सोललेली.

"बाबा, गॅरेज हाय का तुमचं?"

मी गुरुजींकडं पाहिलं. वेदमूर्ती दामोदरशास्त्री! आडनाव चुकीचं घेतलं तरी यजमानाला सुनावणारा माणूस!

गुरुजींनी मागं वळून घाटाकडं एकदा बघितलं.

"हो," म्हणाले. "एकच गाडी केली."